एकशे त्रेचाळीस चित्रपट आणि एक टोपलीवाली

मी लान आंटींच्या आईच्या मांडीवर बसलो होतो, हे मला बसल्यानंतर चार मिनिटांनी कळलं. आई वारलेल्या होत्या, त्याही साठेक वर्षांपूर्वी. पण वारल्या म्हणून त्यांच्या मांडीवर बसायचं नसतं, हे नव्यानं आलेल्या माणसाला कुणीतरी सांगायला नको का?

झालं असं. सिंगापुरात, बेडोकला राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानावर मांडव पडला, रंगीबेरंगी दिवे लागले, रंगमंच उभा राहिला आणि समोर लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. गाण्यांचा कार्यक्रम, तोही फुकट आणि घराखाली. अशा वेळी पुण्याच्या माणसाच्या अंगात जे शिरतं ते माझ्याही अंगात शिरलं. सातच्या कार्यक्रमाला मी साडेसहालाच हजर झालो. बघतो तर मागे शे-दीडशे म्हातारी मंडळी खांद्याला खांदा लावून बसलेली आणि पहिल्या रांगेत चिटपाखरूही नाही. काय बावळट लोक आहेत, असं मनाशी म्हणत मी मधोमध बैठक मारली. उजवीकडच्या खुर्चीवर बायकोसाठी रुमाल टाकला, डावीकडच्या खुर्चीवर मुलीसाठी पाण्याची बाटली ठेवली आणि चिवड्याची पुडी फोडली.

चार मिनिटं फार सुखाची गेली. मग पाठीत छत्रीचं टोक रुतलं.

वळून पाहिलं तर दुसऱ्या रांगेत एक ऐंशीपलीकडची चिनी बाई. फुलाफुलांचा ब्लाउज, आखूड केस, आणि पाठीचा कणा असा ताठ की माझाच मला वाकडा वाटायला लागला.

"ऊठ. ती माझ्या आईची खुर्ची आहे."

"सॉरी सॉरी. यायच्या आहेत का त्या?"

"आल्यात. तू तिच्या मांडीवर बसलायस."

मी उठलो. म्हणजे उडालोच. बाईंनी छत्री रुमालाकडे वळवली.

"आणि ते काय?"

"बायकोची जागा धरलीय."

"बायकोला भुतांच्या रांगेत बसवणार? भांडण झालंय का?"

मागच्या तीन रांगांतली मंडळी हसली. तेवढ्यात माझी मुलगी वल्लरी तिथे पोचली. ती इथल्या शाळेत जाऊन तीन आठवड्यांत इथली झाली होती. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं आणि म्हणाली, "पपा, सो पाइसे ला." मी खिशाकडे हात नेला. मग कळलं की इथे पाइसे म्हणजे लाज.

आपला पितृपक्ष पंधरा दिवसांचा. चिनी लोकांचा महिनाभर चालतो. त्या महिन्यात पाताळाचे दरवाजे उघडतात आणि गेलेली माणसं वर फेरी मारायला येतात. आपण त्यांना खीर आणि वडे दाखवून कावळ्याची वाट पाहतो. इथे त्यांच्यासाठी गाणी ठेवतात आणि पहिली रांग सोडतात. मी रुमाल टाकून, बाटली ठेवून आणि स्वतः बसून कुणाच्या तरी तीन पितरांना उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं, म्हणजे उत्कर्षानं, मला ऑफिसातून परस्पर लिटिल इंडियाला पिटाळलं. "पेढे आण. जिवंत म्हातारीला घाल आणि मेलेल्या म्हातारीलाही घाल," ती म्हणाली. चौकशी केली तर बाई आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली राहत होत्या. कोह ग्योक लान. ब्लॉकमध्ये सगळे लान आंटी म्हणत.

दार उघडल्यावर त्यांनी मला आत घेतलं नाही, पेढ्यांना घेतलं. मग मी काय, पेढ्यांच्या मागे गेलो. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर लाल देव्हारा होता. उदबत्त्या, संत्री, चहाच्या तीन इवल्या वाट्या. एका चौकटीत टाय लावलेला, फोटोग्राफरवर संतापलेला एक गृहस्थ. शेजारच्या जागेत मात्र फोटो नव्हता. तांबड्या कागदाचा एक तुकडा, त्यावर शाईनं लिहिलेली तीन अक्षरं.

आंटींनी दोन पेढे तिथे ठेवले, हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, "माफ केलं म्हणते. पण बस तिथे स्टुलावर."

"फोटो नाही त्यांचा?"

"नाही."

"एकही?"

"ओळखपत्रावर होता. माणूस मेलं की ओळखपत्र परत घेतात." मग पेढ्याचा लहानसा तुकडा तोडून, जिभेवर ठेवून, निकाल दिल्यासारख्या म्हणाल्या, "गोड जास्त. माझ्या तोंडाचे लाखो फोटो आहेत. एकशे त्रेचाळीस चित्रपट. तिचं तोंड एकाच चित्रपटात, आणि तो सापडत नाही."

मला वाटलं, म्हातारी थापा मारते. माणूस ऐंशीचा झाला की त्याला एखादी थाप मारायचा हक्क आपोआप मिळतो. पण घरी जाऊन इंटरनेटवर पाहिलं, तर चिनी चित्रपटांच्या कुठल्याशा यादीत त्यांचं नाव खरोखर होतं. १९५७ ते १९६९. चित्रपट एकशे त्रेचाळीस. शेजारी फोटो दुसऱ्याच बाईचा. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ही पडद्यावर माझी सासू व्हायची. नाक खोटं होतं तिचं."

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या स्टुलावर बसायला लागलो. उत्कर्षा म्हणायची, सिंगापुरात येऊन लोक गोल्फ शिकतात, आमचे हे स्टुलावर बसायला शिकले.

लान आंटींचा जन्म इथला. वडील बंदरावर हमाल. ते लवकर गेले. आई तांदळाच्या पिठाच्या वड्या वाफवायची, केळीच्या पानावर मांडायची आणि टोपली कमरेवर घेऊन गल्लोगल्ली विकायची. सतराव्या वर्षी मुलगी एका नाटकमंडळीबरोबर हाँगकाँगला पळाली. पळाली हा आंटींचा शब्द. आईचा शब्द यापेक्षा बराच कडक होता, तो त्यांनी मला होक्किअनमध्ये, म्हणजे त्यांच्या चिनी बोलीत, ऐकवला आणि भाषांतर करायला नकार दिला. त्या काळी हाँगकाँगमध्ये होक्किअन बोलीत चित्रपट निघायचे आणि सिंगापूर, पेनांग, मनिला इथल्या थिएटरांत लागायचे. निघायचे म्हणजे कसे, तर आपल्याकडे दिवाळीत चकल्या निघतात तसे. सात दिवसांत एक. आठवा दिवस लागला तर निर्माता आजारी पडायचा.

"एका वेळी तीन-तीन चालायचे," त्या सांगत. "सकाळी सून, दुपारी राजकन्या, संध्याकाळी पुन्हा सून. मेकअप पुसायला वेळ नसे. मग राजकन्या सुनेसारखी दिसायची."

"गोंधळ नाही व्हायचा?"

"झाला ना एकदा. गाडीवाल्यानं चुकीच्या सेटवर सोडलं. मी गेले, पलंग दिसला, पडले, खोकले, मेले. दिग्दर्शक म्हणाला, फार छान, पण तू कोण?"

"मग?"

"मग काय, ठेवलं त्यानं. त्या चित्रपटात शेवटी कोण मेलं ते कुणालाच कळत नाही."

मरण हा त्यांचा हातखंडा होता. एकशे त्रेचाळीसपैकी एकसष्ट चित्रपटांत त्या मेल्या. क्षयानं, विरहानं, सासूनं, विहिरीनं. इतर नट्यांना मरायला चार-पाच खेपा लागायच्या आणि फिल्म वाया जायची. लान एका फटक्यात मरायची. म्हणून निर्मात्यांची आवडती.

एका शनिवारी मी म्हटलं, आंटी, दाखवा ना. त्यांनी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. सोफ्यावर टेकल्या, दोनदा खोकल्या, तिसरा खोकला अर्ध्यावर सोडला, दाराकडे कुणीतरी येईल अशा नजरेनं पाहिलं, आणि ती नजर तशीच राहिली. हात घरंगळला. मी अक्षरशः गारठलो. नेमकी त्याच वेळी उत्कर्षा साबुदाण्याची खिचडी घेऊन उघड्या दारात आली. समोर निश्चल म्हातारी, शेजारी स्टुलावर मी.

"अरे," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता काय केलंस तू?"

"खिचडी तिथे ठेव," मयत म्हणाली. "शेंगदाणे जास्त घातलेस ना?"

चित्रपट बंद पडले तसं त्या परत आल्या. बोलीतले चित्रपट कुणी बघेना, टीव्ही आला. मग वीस वर्षं एका कारखान्यात रेडिओचे सुटे भाग जोडले. एका बसचालकाशी लग्न केलं. देव्हाऱ्यातले संतापलेले गृहस्थ ते हेच. त्यांनी बायकोचा एकही चित्रपट पाहिला नव्हता; त्यांना फुटबॉल आवडायचा. मूल झालं नाही. एक पुतण्या नववर्षाला संत्री घेऊन येतो आणि मोबाइल बघत बसतो. या कशाबद्दलही आंटींना फारशी खंत नव्हती. कारखान्याबद्दल तर त्या प्रेमानं बोलायच्या: तिथे रोज जेवायची सुट्टी मिळत असे आणि कुणी मरायला सांगत नसे.

पण देव्हाऱ्याकडे पाठ करून बसायला त्यांना जमत नसे. बोलता बोलता मान तिकडे वळायची, त्या तांबड्या कागदाकडे. एकदा म्हणाल्या, "कागदाला काय सांगणार? माणूस तोंड बघून बोलतं."

आईनं मुलीचा एकही चित्रपट पाहिला नाही. थिएटर घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. ती म्हणायची, "चार वर्षांची असताना तापात जवळजवळ गेली होती. तेवढं पाहिलं, पुरे." पण शेजारणी पाहून यायच्या आणि चुलीपाशी येऊन वार्ता द्यायच्या: तुझी लान काल परत मेली. या खेपेला पाऊस होता. १९५९ साली एक शेजारीण म्हणाली, "बाकी ठीक आहे गं, पण खोकला खरा वाटतो." झालं. म्हातारीनं होतं नव्हतं ते विकून बोटीच्या डेकवरची जागा घेतली. सोबत काढ्याची पुरचुंडी आणि तीच ती टोपली. अनेक दिवस बोटीत ओकाऱ्या काढत हाँगकाँगला उतरली, विचारत विचारत स्टुडिओत पोचली, आणि आत शिरते तर समोर पलंगावर लान मेलेली.

"मग?"

"मग टोपलीनं दिग्दर्शकाला मारलं."

मी हसलो. आंटीही हसल्या, पण त्यांचं हसू माझ्याआधी संपलं.

दिग्दर्शक मनुष्य व्यवहारी होता. दुपारी मासळीबाजाराचा प्रसंग होता आणि गर्दीला एक बाई कमी पडत होती. डोकं चोळत तो म्हणाला, आई, एवढं करा, ही टोपली घेऊन डावीकडून उजवीकडे चालत जा, आणि कॅमेऱ्याकडे बघू नका. म्हातारी चालली. कॅमेऱ्याकडे तिनं मुळीच पाहिलं नाही. चार सेकंद ती आपल्या मुलीकडे बघत चालली.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कशी पाहणार? मी मासेवाल्याशी घासाघीस करत होते. पाठ होती तिच्याकडे. दिग्दर्शक नंतर म्हणाला, बाई पोरीवरची नजर हलवत नाही, पण चालेल, बाजारात लोक बघतातच."

आई आठवडाभर राहिली. रोज म्हणायची, घरी चल. लान म्हणायची, हा चित्रपट संपला की येते. आई एकटीच परतली. मग तो चित्रपट संपला आणि पुढचा सुरू झाला. "मी खोटं नव्हते बोलत," आंटी म्हणाल्या. "दर वेळी खरंच वाटायचं, हा संपला की जाऊ."

मी स्टुलावर जरा सरकून बसलो. माझी आई चिंचवडला असते. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा ती फोन कानाला लावते, त्यामुळे गेली दोन वर्षं मी आठवड्यातून एकदा तिचा उजवा कान बघतो. कान विचारतो, कधी येतोस? रॅफल्स प्लेसच्या बँकेत मी ज्या खात्यात आहे तिथे दर तीन महिन्यांनी नवी प्रणाली चालू होते. मी कानाला सांगतो, हे एक रिलीज झालं की येतो.

आंटींची आई परतल्यावर तीन वर्षांनी ती गेल्याची तार आली. आंटी तेव्हा सेटवर होत्या. निर्मात्यानं ती दुपारभर खिशात ठेवली, कारण त्या दिवशी मरणाचं दृश्य होतं आणि ते झाल्याशिवाय सेट मोडता येत नव्हता. "छान मेले मी त्या दिवशी," आंटी म्हणाल्या. "मग त्यानं तार दिली."

तो टोपलीचा चित्रपट, 'खाडीपलीकडची सून', त्यांनी कधी पाहिला नव्हता. स्वतःचे बहुतेक चित्रपट त्यांनी पाहिले नव्हते. ते लागायचे तेव्हा पुढचे चालू असायचे. नंतर रिळं कुणी विकली, कुणी फेकली, काही नुसती आंबली. आता त्र्याऐंशीव्या वर्षी एकच इच्छा होती. तो चित्रपट मिळावा, त्यात आई चालत जाते तिथे थांबवावा, आणि तेवढीच एक चौकट कागदावर छापून तांबड्या कागदाच्या जागी लावावी. "चेहरा विसरत चाललेय," त्या म्हणाल्या. "नाक आठवतं. हनुवटी आठवते. एकत्र आठवत नाहीत."

आता मी कॉम्प्युटरवाला माणूस. अशा वेळी आपल्या तोंडून जे निघायचं ते निघालंच: "आंटी, मी शोधून देतो. इंटरनेटवर सगळं मिळतं."

इंटरनेटवर सगळं मिळतं हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला कधी काही शोधायचं नसणार. दीड वर्षं मी हाँगकाँग, मनिला, पेनांग असे मेल पाठवत होतो. चिनी मजकूर वल्लरी तिच्या मैत्रिणीकडून लिहून आणायची. एका सद्गृहस्थांनी तर मला चिनी सुनेवरच्या कुठल्याशा मालिकेचे ऐंशी भाग पाठवले. शनिवारी दार उघडताना आंटी काही विचारायच्या नाहीत. फक्त माझ्या तोंडाकडे एकदा बघायच्या आणि मग म्हणायच्या, "चहा घे."

गेल्या मार्चमध्ये इथल्याच एका चित्रपट संग्रहातून उत्तर आलं. मलेशियात इपोहला एका बंद थिएटरच्या गोदामात काही डबे सापडले होते. एका डब्यावरचं नाव अर्धं गंजलं होतं, पण 'खाडी' या अर्थाचं चिनी अक्षर शाबूत होतं. रिळं साफ करायला चार महिने लागले. मग मिस ओंग नावाच्या तिथल्या मुलीनं फोन केला: मंगळवारी सकाळी अकरा वाजता आंटींना घेऊन या. चौकट छापून द्यायची व्यवस्था आहे.

मी रजा टाकली. ज्या दिवशी ऑफिसात एक रिलीज होतं त्याच दिवशी टाकली. साहेब काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. आंटींनी आदल्या दिवशी केस कापून घेतले होते. निळा ब्लाउज, पायात नवे बूट. मी टॅक्सी म्हटलं तर म्हणाल्या, "एमआरटी आहे की. मी काय मेलेय?" मेट्रोच्या डब्यात त्या उभ्याच राहिल्या. चार जणांनी जागा देऊ केली. चौघांनाही नको म्हणाल्या. दांडी धरून, कणा ताठ.

संग्रहातली खोली लहान होती. सहा खुर्च्या, एक पडदा. मिस ओंगनं आंटींना इतकं वाकून नमस्कार केला की आंटी म्हणाल्या, "पाठ जपून." मग दिवे गेले.

पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस आणि त्यामागे एक एकोणीस वर्षांची मुलगी. मी दोन वर्षं ज्या बाईंच्या स्टुलावर बसत होतो त्या बाई या, हे पटायला वेळ लागला. गाल भरलेले, डोळे असे की कॅमेरा ओशाळावा. पहिल्या दहा मिनिटांत ती तीनदा रडली. आंटी शेजारी बसून होक्किअनमध्ये तिच्यावर ताशेरे ओढत होत्या, मिस ओंग मला हळूच सांगत होती: "म्हणतात, मान काय वाकडी करते, मुरगळलीय का?"

चौथ्या रिळात मासळीबाजार आला.  आंटींचा हात खुर्चीच्या हातावर होता, तो उचलून त्यांनी मांडीवर घेतला.

टोपल्या, माणसं, एक कुत्रं. नायिका मासे निवडतेय. मासेवाला काहीतरी म्हणतो, ती हसते. डाव्या कडेनं एक काळी विजार शिरली, लाकडी खडावा, कमरेवर टोपली. "आता," आंटी म्हणाल्या.

आणि पडद्यावरच्या लाननं एक पाऊल पुढे टाकलं. मासा नाकाशी धरून चेहरा उजवीकडे, मोठ्या दिव्याच्या उजेडात वर केला. सगळा पडदा तिच्या चेहऱ्यानं भरून गेला. फार सुंदर दिसत होती. मग ती मागे सरली, आणि उजव्या कडेला टोपलीचं एक टोक बाहेर जाताना दिसलं.

मिस ओंगनं न सांगता फिल्म मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा. मग एकेक चौकट करून पुढे नेली. विजार. खडावा. टोपली धरलेला हात, मनगटावर दोरा. नायिकेचा खांदा. नायिकेचा गाल. नायिका, नायिका, नायिका. एका चौकटीत तिच्या केसांमागून अंबाड्याची कड. पुन्हा नायिका. टोपलीचं टोक.

"प्रत्येक नायिका असंच करायची," मिस ओंग हलक्या आवाजात म्हणाली. "उजेड असेल तिथे पाऊल टाकायचं. शिकवलेलंच असायचं त्यांना."

आंटींनी मान हलवली. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"हात अगदी स्पष्ट आलाय," मिस ओंग थोड्या वेळानं म्हणाली. "तो छापून देऊ का?"

आंटींनी पडद्याकडे पाहिलं. हात तिथेच थांबलेला होता, बोटं टोपलीच्या काठात रुतलेली. "हाताशी काय बोलू?" त्या म्हणाल्या. मग मिस ओंगला वाईट वाटलं म्हणून तिचा हात थोपटला आणि नवे बूट नीट करून उठल्या.

परतीच्या गाडीत त्या बसल्या. मी समोर उभा. बेडोक यायला बराच अवकाश होता आणि मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. तीन स्टेशनं मी शब्द शोधले, चौथ्याला जे सापडले ते बोललो.

"आंटी, पण खरं सांगतो, तुम्ही काय सुंदर दिसत होतात."

त्यांनी मान वर केली.

"बाजूला व्हायला हवं होतं मी."